दोर्नोद प्रांत आणि त्याच्या इतिहासाचीं साधनें

आमच्या एका वृद्ध संग्राहक मित्रांनीं मागें बोलतां बोलतां असें म्हटलें कीं, जेथें गांव नाहीं तेथें दप्तर नाहीं, आणि जेथें दप्तर नाहीं तेथें इतिहास नाहीं. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून रुमाल सोडण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, अशा आम्हां लोकांस हें म्हणणें सहज पटतें. परंतु तें खरें आहे काय, हें पाहण्यासाठीं ज्या प्रांतास तें सर्वांत अधिक लागू पडावें, असा एक प्रांत आम्हीं तपासावयास घेतला. तो मोंगोलियाचा अगदीं पूर्वेकडील प्रांत दोर्नोद होय. 'दोर्नोद' या शब्दाचा अर्थहि 'पूर्वेकडील' असाच आहे. या तपासणींत जें आढळलें तें संक्षेपानें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम भूगोल. प्रांताचें क्षेत्रफळ सुमारें १,२३,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-पंचमांशाइतकें आहे. लोकवस्ती मात्र सुमारें ८०,०००. दर चौरस किलोमीटरास एक माणूसहि पडत नाहीं; महाराष्ट्रांत २०११ च्या खानेसुमारींत हेंच प्रमाण ३६५ होतें. त्यांतूनहि निम्म्याहून अधिक लोक चोइबाल्सान या एकाच शहरांत राहतात, तेव्हां उरलेल्या माळावर वस्ती किती विरळ असेल याची कल्पना करावी. उत्तरेस रशिया, पूर्वेस व दक्षिणेस चीन, आणि पश्चिमेच्या अंगास खेन्ती व सुखबातार हे मोंगोलियाचेच प्रांत आहेत. खेर्लेन नदी खेन्ती पर्वतांत उगम पावते, या प्रांताच्या मधून पूर्वेकडे वाहते, आणि सुमारें १,२५० किलोमीटरांचा प्रवास करून चीनच्या हद्दींतील हुलुन सरोवरास मिळते. पूर्वेकडे खिंगान पर्वतांतून खाल्ख नदी येऊन बुइर सरोवरांत पडते, व बुइरमधून निघणारी ओर्शून नदी तेंच पाणी हुलुनाकडे नेते. या दोन नद्यांच्या मध्यें मेनेनचें विस्तीर्ण पठार आहे. त्यावर झाड म्हणून दिसत नाहीं. दिसतें तें गवत, आणि त्या गवतावर हिंडणारे हरणांचे प्रचंड कळप.

वस्ती विरळ कां, याचें उत्तर या गवतांत आहे. वर्षाचा पाऊस २०० ते ३०० मिलिमीटर, तोहि उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत. हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत व त्याहूनहि खालीं जातो. उन्हाळ्यांत गवत कमी उगवलें, आणि पुढील हिंवाळ्यांत त्यावर बर्फाचा कठीण थर बसला, कीं गुरांस तोंड घालतां येत नाहीं व तीं कळपच्या कळप मरतात. या आपत्तीस मोंगोल लोक 'जुद' म्हणतात. २००९-१० च्या जुदांत साऱ्या मोंगोलियांत ८० लाखांहून अधिक जनावरें दगावलीं. तिच्यावर उपाय एकच : बिऱ्हाड मोडून, नमद्याचा गोल तंबू उतरवून, जेथें गवत असेल तेथें दूर जाणें. म्हणून एका कुटुंबास जी भूमि रोज लागते तिच्याहून कितीतरी अधिक भूमि संकटकाळासाठीं मोकळी असावी लागते. नकाशावर जी ओसाड दिसते ती या दृष्टीनें पाहतां वहिवाटीची भूमि असते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिच्यावरूनच मोठा अनर्थ झालेला दिसेल.

आतां साधनांकडे वळूं. सर्वांत जुनें साधन भूमींतील. ताम्सागबुलाग येथें १९४९ सालीं रशियन पुराणवस्तुसंशोधक ओक्लाद्निकोव यांस नवाश्मयुगीन वस्ती सांपडली. अर्धवट जमिनींत खणलेलीं घरें व दळण्याचीं दगडी साधनें तेथें मिळालीं. म्हणजे आज जेथें घर दिसत नाहीं तेथें एके काळीं लोक स्थिर राहत होते. त्यानंतरचे ठळक अवशेष खितान लोकांचे. त्यांच्या ल्याव राजवंशानें इ. स. ९०७ पासून ११२५ पर्यंत राज्य केलें. खेर्लेनच्या खोऱ्यांतील बार्स-खोत या उध्वस्त नगरीचा विटांचा बौद्ध स्तूप आजहि उभा आहे. याच प्रांतांतून मातीचा एक बांध जातो. शेजारच्या देशांतील भाग धरून त्याची लांबी सातशे किलोमीटरांहून अधिक भरते. लोक त्यास 'चंगीझाचा बांध' म्हणतात. परंतु २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें तो खितानांच्या काळांतील, म्हणजे चंगीझखानाच्या पूर्वींचा असावा, आणि त्याचा उद्देश लढाईपेक्षां भटक्या लोकांच्या ये-जा करण्यावर देखरेख ठेवण्याचा असावा. आपल्याकडे प्रत्येक जुनें लेणें जसें पांडवांचें, तसाच हा प्रकार होय. दंतकथेंतील नांव टाकून द्यावें, पण दंतकथा टाकूं नये. बांध लोकांच्या स्मरणांत राहिला तो तिच्यामुळेंच.

लिखित साधनांत अग्रस्थान 'मोंगलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथास. त्यांत या प्रांताची भूमि वारंवार येते. बुइर व हुलुन या सरोवरांच्या मध्यें राहणाऱ्या तातार लोकांनीं मोंगलांचा खान अंबगाइ यास, तो आपली कन्या पोंचविण्यास आला असतां, धरून किन बादशहाच्या स्वाधीन केलें, ही त्या ग्रंथांतील वैराची मूळ कथा. त्याच तातारांचा चंगीझखानानें १२०२ सालीं दालान-नेमुर्गेस येथें मोड केला. हें स्थळ खाल्ख नदीच्या वरच्या अंगास, नोम्रोग नदीच्या परिसरांत असावें असें मानतात. ग्रंथाच्या समाप्तिलेखांत तो खेर्लेनतीरीं कोदेए-अराल येथें, मूषक वर्षाच्या सातव्या मासांत पुरा झाला असें आहे. हें स्थळ दोर्नोदच्या वर, खेन्ती प्रांतांत पडतें. परंतु मूषक वर्ष कोणतें? मोंगलांचें वर्षचक्र बारांचें. तेव्हां १२२८, १२४०, १२५२ व १२६४ या चारहि वर्षांचे कैवारी आहेत, व १२४० हें वर्ष पुष्कळ काळ प्रचारांत आहे. नुसत्या संवत्सराच्या नांवानें मिति घातलेला कागद हातीं आला म्हणजे साठ वर्षें पुढें कीं साठ वर्षें मागें, या पेंचांत आपण पडतों. बारांच्या चक्रांत तो पेंच किती कठीण होत असेल, हें आमच्या वाचकांस वेगळें सांगावयास नको.

या ग्रंथाची मूळ मोंगल लिपींतील पोथी नष्ट झाली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या मिंग दरबारानें दुभाष्यांच्या शिक्षणासाठीं त्याचे मोंगल उच्चार चिनी अक्षरांत उतरून घेतले, आणि त्या रूपानें ग्रंथ वांचला. एखादी मराठी बखर मोडींतून नाहींशी होऊन केवळ फारशी अक्षरांत उरावी, तसाच हा प्रकार. अशा स्थितींत १९२६ सालीं एक गोष्ट घडली. मोंगोलियाच्या 'सुदर बिचिग' समितीचे अध्यक्ष जाम्यान यांस याच पूर्व भागांत एका ताइजीच्या, म्हणजे खानदानी पुरुषाच्या घरीं 'अल्तान तोब्चि' नांवाची पोथी मिळाली. (समितीच्या नांवांतील 'सुदर' म्हणजे आपला 'सूत्र' शब्द होय.) पोथीचा कर्ता सतराव्या शतकांतील लामा लुव्सानदान्झान. त्यानें 'गुप्त इतिहासा'च्या २८२ परिच्छेदांपैकीं २३३ परिच्छेदांचा मजकूर आपल्या ग्रंथांत घेतला होता, आणि तो मोंगल लिपींत! चिनी अक्षरांमुळें संदिग्ध झालेले कित्येक पाठ तपासण्यास त्यामुळें आधार मिळाला. ज्या माळावर दप्तर नसावें असें आमच्या मित्रांस वाटतें, त्या माळावर एका घरानें ही पोथी जपून ठेविली होती.

येथें एक तारीख विसरूं नये. ही पोथी उलानबातार येथें १९३७ सालीं छापली गेली. त्याच वर्षीं मोंगोलियांत चोइबाल्सान यांच्या कारकीर्दींत धर्मपीठांचा व जुन्या घराण्यांचा संहार सुरू झाला. सहस्रावधि लामा मारले गेले, बहुतेक सर्व मठ बंद पडले, आणि त्यांतील ग्रंथसंग्रह जाळले गेले. दोर्नोदच्या उत्तर भागांतील बुर्यात लोकांवर तर विशेष आघात झाला. जाम्यान यांस अकरा वर्षें उशीर झाला असता तर ही पोथी जगास दिसली असती काय? प्रांताचें मुख्य शहर, जें पूर्वीं बायान-तुमेन म्हणून ओळखलें जाई, तें १९४१ पासून चोइबाल्सान हेंच नांव धारण करून आहे. त्यांचा जन्महि १८९५ सालीं याच परिसरांत झाला होता.

तिसरें साधन दगडांच्या राशींचें. टेंकडीवर किंवा वाटेवर दगडांची रास रचून तीवर फांद्या व निळीं रेशमी वस्त्रें बांधतात; तीस 'ओवो' म्हणतात. येणारा जाणारा तींत एक दगड घालतो आणि तीस उजवी घालून प्रदक्षिणा करतो. परंतु ओवो हें देवस्थानापुरतेंच नव्हे. तें सीमाचिन्हहि असतें. खाल्ख मोंगलांनीं १६९१ सालीं दोलोन-नोर येथें चिंग बादशहाचें स्वामित्व मान्य केलें. पुढें १७३४ सालीं खाल्ख व बार्गा या लोकांच्या कुरणांमधील सीमा बादशाही अंमलानें ठरविली, व ती ओवोंनीं दर्शविली गेली. ही सीमा खाल्ख नदीच्या सुमारें वीस किलोमीटर पलीकडून, पूर्वेकडून जात होती. असें कां? आमच्या मतें कारण स्पष्ट आहे. गुराख्याच्या दृष्टीनें नदी हें कुरणाचें मध्य असतें, कड नसते. दोन्ही तीरांवर चरणारीं जनावरें एकाच पाण्यावर येतात.

पुढें जपानच्या छत्राखालीं मांचुकुओचें राज्य स्थापन झालें, तेव्हां जपानी सेनाधिकाऱ्यांनीं खाल्ख नदी हीच सीमा होय असा आग्रह धरला. नकाशा पाहणाऱ्यास नदी ही सीमा सोयीची वाटते, आणि ओवो नकाशावर दिसत नाहींत. ११ मे १९३९ रोजीं मोंगल घोडेस्वारांची एक तुकडी घोड्यांस चारावयास नदीपलीकडे गेली असतां चकमक उडाली. चार महिन्यांत तिचें रणगाड्यांच्या व विमानांच्या युद्धांत रूपांतर झालें. रशियन सैन्यास आगगाडीच्या शेवटच्या ठाण्यापासून सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर मोटारींनीं रसद आणावी लागली. २० ऑगस्ट रोजीं झुकोव यांनीं हल्ला चढविला, महिनाअखेर जपानी फौज वेढली जाऊन नाश पावली, आणि १६ सप्टेंबर रोजीं युद्ध थांबलें. एप्रिल १९४१ मध्यें रशिया व जपान यांनीं तटस्थतेचा तह केला. दुसऱ्या महायुद्धाचा ओघ कांहीं अंशीं या माळावर ठरला असें म्हणावयास हरकत नाहीं.

जपानी लोक या युद्धास 'नोमोनहान' म्हणतात. तें त्या सीमेवरील एका ओवोचें नांव. हें नांव 'नोम-उन खान' या लामांच्या पदवीवरून आलें आहे. 'नोम' म्हणजे धर्म. 'धर्मराज' या संस्कृत पदाचें तें मोंगल भाषांतर होय. सहस्रावधि माणसें जेथें पडलीं त्या रणभूमीचें नांव धर्मराज असावें, हा योग पाहून आम्हांस क्षणभर लेखणी खालीं ठेवावीशी वाटली.

शेवटचें साधन शब्दांचें, आणि तें आपल्या घरचें आहे. 'गुप्त इतिहासां'त आपलें कुळ सोडून एखाद्या नायकाची सोबत धरणाऱ्या साथीदारास 'नोकोर' म्हटलें आहे. फारशींतून येतां येतां त्याचा 'नोकर' झाला, आणि साथीदाराचा चाकर झाला. 'बहादर', 'दारोगा' हेहि शब्द त्याच कुळांतील. 'बक्षी' हा शब्द मोंगल अमलांतील 'बग्शि' वरून आला. तो चिनी कीं आपल्या 'भिक्षु' शब्दापासून निघालेला, याविषयीं मतभेद आहे. आम्हीं चाळीस वर्षें जो धंदा केला त्या धंद्याच्या माणसास, म्हणजे शिक्षकास, मोंगोलियांत आजहि 'बग्श' म्हणतात. मराठ्यांच्या पत्रव्यवहाराचें पान उलटावें तर त्या दूरच्या माळावरील एखादा शब्द पुढें येतोच.

तात्पर्य, भूमि, पोथी, ओवो आणि शब्द अशीं चार प्रकारचीं साधनें या निर्जन म्हटलेल्या प्रांतांत आढळतात. त्यांपैकीं पोथी योगायोगानें वांचली, आणि ओवोची साक्ष न मानल्यामुळें रक्तपात झाला. आमच्या मित्रांच्या सूत्रांत आम्ही एवढीच दुरुस्ती सुचवितों कीं, जेथें दप्तर नाहीं तेथें साक्षीदार कोण, हें आधीं विचारावें. माणदेशांतील धनगर दरसाल मेंढरें घेऊन कोंकणच्या अंगास उतरतात. त्यांच्या ओव्यांचें व दैवतकथांचें संकलन डॉ. गुंथर सोंथायमर यांनीं केलें. परंतु वाटा, मुक्काम, पाणवठे व सीमेचे धोंडे यांची नोंद गांवोगांवच्या संग्राहकांनींच करावयास हवी. ज्या वाचकांस अशा एखाद्या जुन्या वाटेची किंवा धोंड्याची माहिती असेल, त्यांनीं ती सांगणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत लिहून मंडळाकडे धाडावी, ही विनंती. तीं सांगणारीं माणसें वृद्ध आहेत, आणि आम्हीहि वृद्ध आहोंत.