सांधा दुखतो, मग मनाचे काय?

रत्नागिरी शहरात शरीराच्या दुखण्यासाठी जिल्हा रुग्णालय आहे आणि मनाच्या दुखण्यासाठी १८८६ साली सुरू झालेले मनोरुग्णालय. दोन इमारती, दोन वाटा. याच जिल्ह्यातील आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका या दोन वाटांच्या मध्येच अडकल्या. त्यांच्या बोटांचे सांधे सकाळी आखडत, सुजत. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत किंवा घरात काही काळजी उद्भवली की दुखणे वाढे. हे त्यांनी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितले, तेव्हा "मग हे मनाचेच आहे" असे उत्तर मिळाले. बाई ओशाळल्या आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. दोन वर्षांनी तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात असल्याचे कळले, तोवर बोटे वाकडी होऊ लागली होती.

मनाचा आणि सांध्याचा संबंध आहे की नाही? असेल तर त्या उत्तरात चूक कोणती? यासाठी थोडे इतिहासात डोकावू या.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे बेताने घेतलेले पथ्याचे अन्नही पचत नाही, असे चरकसंहितेत म्हटले आहे. न पचलेल्या अन्नापासून 'आम' होतो, अशी ती कल्पना. पुढे माधवनिदानात 'आमवात' या सांधे सुजवणाऱ्या विकाराचे स्वतंत्र वर्णन आले. आजचे वैद्यकशास्त्र 'आम' हे कारण मानत नाही; पण रोग्याची झोप आणि काळजी यांची चौकशी करण्याची दृष्टी त्या विचारात होती.

सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच विचारवंताने वेगळे चित्र मांडले. दोरी ओढली की वर घंटा वाजते, तसा पायाला चटका बसला की मेंदूत वेदना उमटते. जेवढी इजा तेवढी वेदना! चित्र सोपे होते, म्हणून ते टिकले. पण क्ष-किरण चित्रात गुडघा खूप झिजलेला दिसावा आणि माणूस फारसा कुरकुरत नसावा, असे पुष्कळदा घडते. उलटही घडते. दोरी-घंटेला याचे उत्तर देता येईना.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९५० साली शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवात मनोकायिक रोगांत गणला. दडपलेला राग सांध्यांतून बाहेर पडतो, असा त्यांचा तर्क होता. येथे शिक्षकांनी थांबून विचार करावा. ज्यांचे स्वभाव तपासले, ते आधीच रोगी होते. वर्षानुवर्षे दुखणे सोसून माणूस चिडका किंवा उदास झाला, तर स्वभाव हे कारण म्हणायचे की परिणाम?

खरा दुवा प्रयोगशाळेतून मिळाला. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या एका रुग्णेला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. या कामाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन ज्या कुळातले, त्यातलेच कॉर्टिसॉल हे संप्रेरक ताणाच्या वेळी आपल्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवते. कॉर्टिसोनच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांचे मन विलक्षण उल्हसित झाले, तर काहींना भ्रम झाले. म्हणजे सांध्याला पोचणारे रसायन मनालाही पोचत होते.

१९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी 'द्वार सिद्धांत' मांडला. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतील जणू एका दारातून वर जातात. हे दार किती उघडायचे, हे मेंदूकडून खाली येणारे संदेशही ठरवतात. भीती, काळजी आणि अपुरी झोप दार उघडे ठेवतात. सिद्धांताच्या तपशिलांत पुढे बदल झाले, पण मुख्य कल्पना टिकली.

वाहतूक उलट दिशेनेही चालते. सुजलेल्या सांध्यात तयार होणारी टीएनएफसारखी रसायने मेंदूवर परिणाम करतात. २०११ साली जर्मन संशोधकांना दिसले की, टीएनएफ रोखणारे औषध दिल्यावर चोवीस तासांतच मेंदूतील वेदनेशी निगडित हालचाल मंदावली. सांध्यांची सूज मात्र तेव्हा उतरलेली नव्हती.

आपल्याकडे हा प्रश्न केवढा मोठा आहे? पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी सुरू केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंची दुखणी होती; ऱ्हुमॅटॉइड संधिवात सुमारे अर्धा टक्का लोकांत आढळला. म्हणजे प्रत्येक शाळेच्या परिसरात असे कोणी ना कोणी असणारच.

तेव्हा बाईंना मिळालेल्या उत्तरातला 'च' चुकीचा होता. ताणाने वेदना वाढते, हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते. त्यावरून सांधा निरोगी आहे, असे मात्र ठरत नाही. सूज आणि सकाळचा ताठरपणा काही आठवडे टिकला तर तपासणी हवीच आणि रोग आवरणारी औषधेही. जोडीला झोप, झेपेल तो व्यायाम आणि उदासी असल्यास तिच्यावर उपचार.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांनी आजी-आजोबांच्या संमतीने महिनाभर नोंद ठेवावी : आज दुखणे शून्य ते दहांपैकी किती, झोप कशी झाली, काळजी होती का, पाऊस पडला का? महिन्याअखेर आलेख काढावा. दोन रेषा सोबत चढल्या तर कोणती कोणामुळे चढली, यावर वर्गात चर्चा होऊ द्या. आणि रोज कोणीतरी जवळ बसून विचारपूस करते आहे, याचाही दुखण्याच्या आकड्यावर परिणाम होतो का, हे पाहायला विसरू नका.