सावनेर : हायस्कूलमध्ये डिजिटल फळा बसवताना काय बघायचं?

सावनेर : हायस्कूलात डिजिटल फळा घ्यायचा म्हटलं की आधी पैशाचीच चर्चा होते. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या शासकीय व अनुदानित शाळांच्या संगणक कक्षासाठी ६.४० लाखांपर्यंत एकदाच, तर ५ वर्षे दरवर्षी २.४० लाखांपर्यंत तरतूद आहे. वर्षाची ही रक्कम विसरू नका, कारण यंत्र आणणं सोपं, चालू ठेवणं अवघड.

प्रोजेक्टर स्वस्त पडतो, पण उजेडाच्या वर्गात चित्र फिकं दिसतं आणि बऱ्याच प्रोजेक्टरचा दिवा काही काळाने बदलावा लागतो. पॅनल महाग, मात्र भर दुपारीही स्पष्ट. दोन्हींना धूळ आणि विदर्भाचं ऊन सोसत नाही. शिवाय अर्थिंग धड नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात विजेने पॅनल जळायची भीती. म्हणून इलेक्ट्रिशियन आधी, फळा नंतर.

नेट नसलं म्हणून अडत नाही. २०१७ पासून सुरू असलेल्या दीक्षा ॲपवरचे धडे आधी डाउनलोड करून ठेवता येतात. दूरदर्शनच्या फ्री डिशवर पीएम ई-विद्येच्या वाहिन्या रिचार्जविना दिसतात.

पालकांनी शाळा समितीच्या बैठकीत विचारावं : दुरुस्तीचा करार किती वर्षांचा, मेकॅनिक सावनेरचा की नागपूरहून येणार, आणि खोलीची किल्ली कोणाकडे?