मोठ्या बंदुकीत छोटे काडतूस

एन.सी.सी.त असलेल्या मुलामुलींना '.२२ रायफल' चांगली ठाऊक असते. जमिनीवर पालथे पडायचे, २५ यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडायच्या आणि नंतर भोके एकमेकांच्या किती जवळ पडली ते मोजायचे. या वर्गांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रायफलींपैकी एकीचे नाव 'नंबर २ मार्क ४'. बाहेरून पाहिले तर ती ब्रिटिश आणि भारतीय सैन्याची जुनी 'थ्री नॉट थ्री'च वाटते. मुळात ती तीच आहे, फक्त तिची नळी आणि खटका बदललेला आहे. सैन्याच्या बंदुकीला असे 'लहान' का करावे लागले, त्याची ही गोष्ट.

काठ आणि केंद्र

आधी काडतुसाची रचना पाहू. बंदुकीची दारू पेटवायला ठिणगी लागते. आघाताने पेट घेणारे थोडेसे रसायन ती पुरवते. हे रसायन काडतुसाच्या बुडाशी, मधोमध एका छोट्या टोपीत बसवले की ते सेंटरफायर काडतूस. तेच रसायन बुडाच्या पोकळ काठात पसरवले की रिमफायर. रिमफायरमध्ये आघात काठावर होतो, तेव्हा काठाचा पत्रा दबला पाहिजे, म्हणजेच तो पातळ हवा. पातळ पत्रा जास्त दाब सोसू शकत नाही. म्हणून रिमफायर काडतुसे लहान राहिली आणि युद्धाच्या बंदुका सेंटरफायर झाल्या. पण लहान असणे, स्वस्त असणे आणि आवाज कमी करणे हे सरावासाठी दोष नव्हेत, गुणच आहेत. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर यांनी अशी चिमुकली काडतुसे केली, तीही घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी म्हणून. आज सर्वत्र चालणारे '.२२ लाँग रायफल' हे काडतूस अमेरिकेत १८८७ साली आले.

दोन्ही काडतुसांची तुलना वर्गात गणिताने करता येईल. .२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. थ्री नॉट थ्रीची गोळी ११.३ ग्रॅमची आणि वेग सुमारे ७४४ मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, असे केले की पहिलीची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल येते आणि दुसरीची ३१०० ज्यूलच्या पुढे. संवेग काढला तर फरक साधारण दहापट. खांद्याला बसणारा धक्काही त्याच प्रमाणात वाढतो. मोठ्या गोळीला अडवायला मातीचा उंच बांध आणि मैलभर मोकळी जागा लागते. छोटीला शाळेमागची एक जाड भिंतही पुरते.

बोअर युद्धाचा धडा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यात 'मॉरिस ट्यूब' वापरात होती. मोठ्या रायफलीच्या नळीत एक बारीक नळी सरकवायची आणि तिच्यातून लहान गोळी झाडायची. कल्पना साधी होती, पण तिच्यामागची गरज खऱ्या अर्थाने पटली ती दक्षिण आफ्रिकेत. १८९९ ते १९०२ या काळात बोअर शेतकऱ्यांनी दूरवरून अचूक नेम धरून ब्रिटिशांना हैराण केले. तिथे सेनापती म्हणून गेलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांचा जन्म १८३२ साली कानपूरला झालेला. भारताचे सरसेनापतीही ते होऊन गेले होते. नागरिकांनीही नेमबाजी शिकावी, असा प्रचार त्यांनी चालवला. १९०१ मध्ये लहान रायफलींच्या क्लबांची संघटना उभी राहिली. कामगार, कारकून, विद्यार्थी अशा सर्वांना परवडेल असा खेळ म्हणजे .२२ ची नेमबाजी.

सैन्याची अडचण मात्र वेगळी होती. शिपायाने सराव ज्या बंदुकीवर करायचा तीच त्याच्या हाती युद्धात असावी. तेच वजन, तोच दस्ता, तोच चाप. म्हणून झिजलेल्या थ्री नॉट थ्रीच्या नळ्या आतून कोरून मोठ्या केल्या आणि त्यांत .२२ ची नवी नळी बसवली. खटक्याचे टोक मध्यावरून काठाकडे सरकवले, कारण आता आघात काठावर व्हायचा होता. खालची दारूगोळ्याची पेटी रिकामीच ठेवली, तिच्यात झाडलेल्या काडतुसांची टरफले पडायची.

तरी एक उणीव उरली. प्रत्येक गोळी हाताने भरावी लागे, त्यामुळे भराभर गोळ्या झाडण्याचा सराव होत नसे. यावर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एकसारखाच तोडगा निघाला. मोठ्या काडतुसाच्या आकाराचा पोलादी धारक करायचा आणि त्याच्या पोटात .२२ ठेवायचे. अमेरिकन धारक हॉफर आणि थॉम्पसन या अधिकाऱ्यांच्या नावाने ओळखला जाई. हेच थॉम्पसन पुढे 'टॉमी गन'मुळे प्रसिद्ध झाले. ब्रिटिशांचा असा प्रकार १९१८ चा.

गंजाचे रसायन

या धारकांनी सैनिकांना जेरीस आणले. एक तर प्रत्येक धारकातून टरफल काढून नवे काडतूस भरणे हे वेळखाऊ काम. दुसरे म्हणजे गोळीला नळीतल्या खाचांपर्यंत पोचायला आधी मोकळी उडी घ्यावी लागे, त्यामुळे नेम बिघडे. आणि तिसरे म्हणजे गंज. त्या काळी ठिणगीच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरे. आपल्या मिठाचा हा सख्खा भाऊ हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि पोलाद गंजते. मोठ्या काडतुसातला भरपूर वायू हा क्षार बराचसा बाहेर ढकलत असे. .२२ मध्ये दारूच थोडी, म्हणून क्षाराचे प्रमाण जास्त. १९२० च्या दशकात क्लोरेटविरहित मिश्रणे आली तेव्हा कुठे सुटका झाली. त्यांत शिशाचे संयुग मात्र आले. बंद खोलीतल्या नेमबाजीत शिशाची धूळ श्वासावाटे शरीरात जाते, म्हणून तिथे हवा खेळती ठेवावी लागते.

पुढे अमेरिकेच्या एम-१६ रायफलीसाठी तयार संच निघाले. तिची नळी .२२ च्या गोळीला चालेल इतक्याच व्यासाची असल्याने नळी बदलावी लागत नाही. खटक्याचा भाग काढून संच बसवला की झाले. पण इथेही निसर्ग आपला हिशेब मागतो. .२२ च्या नळीत खाचांचा एक पूर्ण वेढा साधारण १६ इंचांत होतो. जुन्या एम-१६ मध्ये तो १२ इंचांत होई, तर १९८० च्या दशकातल्या सुधारित एम-१६ मध्ये ७ इंचांत. गोळी गरजेपेक्षा जास्त वेगाने गरगरते, तेव्हा तिच्यातला जरासा असमतोलही नेम चुकवतो.

छोट्या गोळीने काय शिकवता येते? श्वास रोखणे, चाप हळुवार दाबणे, दृष्टी स्थिर ठेवणे. २५ यार्डांवरचे लक्ष्य एक-अष्टमांश आकाराचे केले, तर ते २०० यार्डांवरच्या लक्ष्याइतकेच दिसते. पण दिसते इतकेच. वारा, धक्का, कानठळ्या बसवणारा आवाज यांतले काहीच कागदावर उतरत नाही. क्लबांमध्ये आणि शाळांमध्ये नेम शिकलेली इंग्रज पोरे १९१४ नंतर खंदकांत गेली. तिथे सर्वाधिक माणसे मेली ती तोफांच्या माऱ्याने. त्याच्यापुढे कोणाच्याही अचूक नेमाचा उपयोग नव्हता.

शिक्षक म्हणून आम्हांला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. प्रयोगशाळेतली प्रत्येक प्रतिकृती अशीच असते. ती खरी गोष्ट लहान करून हाती देते, म्हणूनच ती शिकवू शकते. लहान करताना तिच्यातून काय गळून पडले, तेही मुलांना सांगितले पाहिजे. एन.सी.सी.च्या मैदानावर तर ते नक्कीच सांगावे. कागदाला पडलेले भोक पाहून आनंद व्हावा, पण खरी गोळी कुठे लागते याचे भानही राहावे.