तबकडीवरचे नाव : जॅझची अभिजातता आणि मुंबईचे वादक

संगीताच्या इतिहासलेखनात 'अभिजात' हे विशेषण सामान्यतः रचनेला किंवा परंपरेला लावले जाते. पाश्चात्त्य संगीतात ते स्वरलिपीबद्ध कृतीला लागते, हिंदुस्थानी संगीतात घराण्याला आणि गायकीला. जॅझच्या बाबतीत मात्र ते तबकडीला लागते. ज्या संगीताचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे, त्याची संहिता कागदावर पूर्णपणे उतरत नाही. वादकाने एखाद्या रात्री जे वाजवले ते त्या रात्रीच विरून जाते. उरते ते ध्वनिमुद्रित झालेले. जॅझच्या समीक्षेला पाठ म्हणून जिचा आधार घेता येतो ती वस्तू म्हणजे तबकडी, आणि तबकडी ही केवळ वादकाची निर्मिती नसते. कोणते वादन जतन करायचे हा कंपनीचा व्यापारी निर्णय असतो. मध्यभागी चिकटवलेल्या कागदी वर्तुळावर कोणाचे नाव छापायचे, हाही निर्णयच असतो. जॅझमधील अभिजाततेचा प्रश्न म्हणूनच मोठ्या प्रमाणात नावाचा प्रश्न ठरतो. मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांचा इतिहास या प्रश्नाशिवाय लिहिता येत नाही.

जॅझची पहिली मानली जाणारी तबकडी १९१७ मध्ये निघाली ती 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड' या गोऱ्या वादकांच्या संचाच्या नावाने. हे संगीत प्रामुख्याने घडवले होते ते न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय समाजाने. म्हणजे जॅझच्या लिखित इतिहासाचा आरंभच नावाच्या एका विस्थापनाने झालेला आहे. पुढे १९२५ ते १९२८ या काळात लुई आर्मस्ट्राँग यांनी 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' या संचांसह केलेल्या ध्वनिमुद्रणांनी एकल वादकाला जॅझच्या केंद्रस्थानी आणले. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावत असे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग-प्लेइंग तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. वादनाच्या विस्ताराला जागा मिळाली, तशी वेष्टणाच्या मागील बाजूवर वादकांची नावे आणि विवेचक टिपण छापण्यालाही. 'अल्बम' नावाची स्वतंत्र कलाकृती येथे जन्मली.

१९५९ हे वर्ष या संदर्भात वारंवार उल्लेखिले जाते. माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू', डेव्ह ब्रूबेक यांची 'टाइम आउट', चार्ल्स मिंगस यांची 'मिंगस आह अम' आणि ऑर्नेट कोलमन यांची 'द शेप ऑफ जॅझ टू कम' या चारही तबकड्या त्या एका वर्षातल्या. पैकी 'काइंड ऑफ ब्लू'चे ध्वनिमुद्रण २ मार्च आणि २२ एप्रिल या अवघ्या दोन दिवसांत झाले. जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल इव्हान्स, विंटन केली, पॉल चेंबर्स आणि जिमी कॉब या सहा सहवादकांची नावे जॅझच्या अभ्यासकाला आज पाठ असतात. वेष्टणावरचे टिपण स्वतः इव्हान्स यांनी लिहिलेले आहे आणि त्यात त्यांनी या उत्स्फूर्ततेची तुलना एका जपानी चित्रपद्धतीशी केली आहे. पण याच तबकडीवरील 'ब्लू इन ग्रीन' ही रचना डेव्हिस यांच्या नावाने छापली गेली आणि ती आपली असल्याचे इव्हान्स पुढे सांगत राहिले. कर्तृत्वाचा वाद अभिजात मानल्या गेलेल्या तबकडीलाही चुकला नाही. फरक इतकाच, की तेथे वाद घालण्यासाठी निदान दोन नावे छापलेली होती.

मुंबईत जॅझ आले ते ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहातून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच ताजमध्ये वाजवू लागला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी तेथील संचांचे नेतृत्व केले. अमेरिकेतील वर्णभेदापासून दूर, वसाहतीतील या शहरात त्यांना सन्मानाचे काम मिळाले, आणि त्यांच्या शेजारी बसून गोमंतकीय वादक ही नवी भाषा शिकले. शिकण्याची पूर्वतयारी त्यांच्याजवळ होतीच. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जात असे. पोटासाठी मुंबईला आलेल्या त्या मुलांनी स्वरलिपी वाचण्याच्या कौशल्यात उत्स्फूर्त विस्ताराची भर घातली. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजचा वाद्यवृंद सांभाळला. हळदोण्याचे अँतोनियो शावियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवत. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ही पदवी गौरवाची होती खरी, पण तिच्यात वादकाला दुसऱ्याच्या नावाने ओळखण्याची सोयही होती.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. इंग्रज गेले, संस्थानिकांचे वैभव ओसरले, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नृत्यगृहांची रया गेली. हॉटेलांतले काम आटले आणि वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, चिक चॉकलेट यांना हाताशी धरून 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाचे संगीत केले. तो चित्रपट भगवानदादांचा, म्हणजे एका गिरणी कामगाराच्या मुलाचा होता. ताजच्या नृत्यगृहात गिरणगावातल्या कामगाराला किंवा भिवंडीतल्या यंत्रमाग चालवणाऱ्याला प्रवेश मिळणे अशक्यप्राय होते. 'अलबेला' मात्र चार-आठ आण्यांच्या तिकिटात त्यांच्यापर्यंत पोहोचला. जॅझला भारतात बहुजन श्रोता मिळाला तो या मार्गाने, आणि तेही आपण जॅझ ऐकत आहोत याची त्या श्रोत्याला खबर नसताना. हा मुंबईच्या जॅझचा सर्वांत मोठा विजय होता. त्याची किंमत मात्र वादकांनी आपल्या नावाने मोजली.

ही किंमत समजण्यासाठी चित्रपटगीताच्या निर्मितिप्रक्रियेकडे पाहावे लागते. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. ती चाल मुळात एकपदरी असे. तिला व्हायोलिनांचा ताफा, ब्रासचे तुकडे, कडव्यांमधले वाद्यसंगीत आणि गायनाला छेद देत जाणारी प्रतिचाल ही सारी रचना स्वरलिपीत उतरवण्याचे काम संयोजकाचे, म्हणजे 'अरेंजर'चे असे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम सेबॅस्टियन डिसोझा यांनी केले. हे काम यांत्रिक लेखनिकाचे नव्हते, कारण स्वरसंवादाचे तत्त्वच हिंदुस्थानी परंपरेत नव्हते. ते या मंडळींनी चित्रपटगीतात आणून रुजवले. याचा अर्थ चाल बांधणाऱ्यांनी श्रेय लुबाडले असा काढणे अन्यायाचे होईल. चाल त्यांचीच होती, आणि 'अलबेला'च्या एका गीतात चिक चॉकलेट आपल्या संचासह पडद्यावरही दिसतात. प्रश्न व्यक्तींच्या नीतीचा नाही, नाव देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. 'महल' (१९४९) च्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागी पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी'चे, नाव छापले गेले होते. गायकांनी आपले नाव पुढे मिळवले, कारण त्यांचा आवाज श्रोत्यांना ओळखता येत होता आणि त्या ओळखीला बाजारात मोल होते. संयोजकाचा आवाज ओळखण्याची रीत मात्र श्रोत्यांना कोणी शिकवलीच नाही, आणि समीक्षेनेही ते काम आपले मानले नाही.

याच काळात अमेरिकन तबकड्यांवर भारताचे नाव अवतरू लागले होते. १९५८ च्या भारतभेटीनंतर ब्रूबेक यांच्या 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया'त कलकत्त्याच्या नावाची रचना आली. कोल्ट्रेन यांनी १९६१ मध्ये 'इंडिया' वाजवले. भारतातील जॅझवादकाचे नाव मात्र त्या प्रमाणात उमटत नव्हते. या पार्श्वभूमीवर १९६८ मध्ये निघालेल्या शंकर-जयकिशन यांच्या 'रागा जॅझ स्टाइल' या तबकडीचे मोल ठरते. तोडी, भैरव, मालकंस, कलावतीपासून भैरवीपर्यंत अकरा राग; सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. तिच्यातला रागविस्तार त्रोटक आहे आणि जॅझमधील उत्स्फूर्ततेलाही बांध घातलेला आहे. चित्रपटगीताची शिस्त प्रत्येक तुकड्यात जाणवते. पण ज्यांचे वादन हजारो गीतांतून निनावी वाहत होते, त्या वादकांची नावे येथे वाद्यांसह एकत्र छापली गेली. तिचे ऐतिहासिक महत्त्व रागसंगीत आणि जॅझ यांच्या मीलनापेक्षा या नामावलीत अधिक आहे.

तुलनेसाठी अमान्सियो डिसिल्वा यांचे उदाहरण घ्यावे. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले हे गोमंतकीय गिटारवादक १९६० च्या दशकात लंडनला गेले. १९६९ मध्ये तेथे त्यांची 'इंटिग्रेशन' निघाली. त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या 'हम दोनो'वर जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या जोडीने त्यांचे नाव आले. तिच्यातील एका रचनेच्या शीर्षकात गोव्याचे नाव आहे. ब्रिटिश जॅझच्या इतिहासात या दोन्ही तबकड्यांना आज मानाचे स्थान आहे. मुंबईत राहिलेले वादक गुणवत्तेत कमी होते म्हणून अभिजाततेपासून दूर राहिले, असे या उदाहरणानंतर म्हणता येत नाही. लंडनमध्ये छोट्या संचाचे वादन छापणारी कंपनी होती, त्याची दखल घेणारा समीक्षक होता, आणि वादनासाठीच तबकडी विकत घेणारा श्रोता होता. मुंबईत या तिहींची जागा चित्रपटाने व्यापली होती.

एक तिसरी वाटही होती, ती मातृभाषेची. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या कोंकणी गीतांच्या तबकड्यांत जॅझची सारी उसळी आहे आणि त्यांवर दोघांचीही नावे आहेत. बाजार लहान होता, पण तो आपल्या वादकाला नावानिशी ओळखत होता. त्या संगीताच्या स्मृतीवर २०१४ मध्ये 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट उभा राहू शकला, याचे कारण ही जपलेली नावेच आहेत.

रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि १९६९ मध्ये मिशेल फूको यांनी 'लेखक म्हणजे काय' हा प्रश्न विचारून नाव हे व्यवस्थेचे एक कार्य असल्याचे दाखवले. मराठी समीक्षेने या भूमिकांचा पुष्कळ ऊहापोह केला. परंतु लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त ज्यांना लेखकत्व मिळालेलेच नव्हते अशांना जसाच्या तसा लावता येत नाही. अनामिकता ही लोककलेत सामूहिकतेची खूण असू शकते. रोजंदारीवर वाजवणाऱ्याच्या बाबतीत ती श्रमविभागणीची खूण असते. फूको यांचा प्रश्न मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात नेला, तर तो असा विचारावा लागतो : नाव मिळण्यासाठी कोणत्या संस्था लागतात, आणि त्या कोणासाठी उभ्याच राहिल्या नाहीत? ग्रेगरी बूथ (२००८) आणि नरेश फर्नांडिस (२०१२) यांच्या इंग्रजी ग्रंथांनी ही नावे मोठ्या कष्टाने परत मिळवली आहेत. आता अभिजात तबकड्यांच्या यादीत आणखी चार नावे घालणे पुरेसे नाही. चित्रपटगीताकडेच दुहेरी कर्तृत्वाची कृती म्हणून पुन्हा ऐकावे लागेल.

माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्सालविस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा करून मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात राग आणि स्वरसंवाद यांचा मेळ घालणाऱ्या आपल्या रचना सादर केल्या. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर गावी निवांत राहिले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये शिष्याने एका गीतात गुरूचे नाव गुंफले आणि ते देशभर झाले. २०१२ मध्ये गोन्सालविस वारले, तेव्हा ते गीत जन्मभर गुणगुणणाऱ्या असंख्यांना या नावाचा माणूस खरोखरच होऊन गेला, हे प्रथमच समजले.