मक्याच्या गावात

दिवाळी झाल्यावर काकांकडे जाऊन आले. गाव यावल तालुक्यात. भुसावळहून निघून तापीचा पूल ओलांडला की तासाभराच्या आत पोचतो. पण मी पोचले म्हणजे काय, तर गावाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडीच्या काचा लावून बसले. खळ्यात मक्याच्या कणसांचा डोंगर होता, मशीन सुरू होतं आणि सगळ्या गल्लीत पिवळट धूळ उडत होती. वहिनी चहाचा कप घेऊन चालत गाडीपर्यंत आल्या. "ताई, मशीन संध्याकाळी बंद होईल. मग या घरात," म्हणाल्या. आणि मग हळूच, "खरंच मक्यानं होतं का हो असं?"

होतं. मला मक्याची ऍलर्जी आहे.

हे वाक्य मी आजवर इतक्यांदा बोलले आहे की समोरच्याचा चेहरा कसा बदलणार ते आता पाठ झालंय. शेंगदाण्याची ऍलर्जी लोकांनी सिनेमात पाहिलेली असते. कोळंबीची एखाद्या मावसभावाला असते. पण मका? "मग भुट्टा खाऊ नको, संपलं," असं म्हणून लोक विषय संपवतात. मलाही वयाच्या तिशीपर्यंत हेच वाटत होतं, की भुट्टा नाही खाल्ला की संपलं.

पहिला प्रसंग शाळेतला, ऐंशीच्या दशकातला. वडील लोको शेडमध्ये होते, आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पहिल्या पावसाचं कौतुकही तसंच. यावल रोडला हातगाडीवर निखाऱ्यावर भाजलेला, तिखट-मीठ-लिंबू लावलेला भुट्टा. अर्धा खाल्ला असेल नसेल, ओठ सुजले, घशात खाज सुटली आणि अंगभर गांधी उठल्या. आजी म्हणाली, "पित्त उठलं पोरीला." आमसुलं भिजवून त्याचं पाणी अंगाला चोळलं, गोधडीत गुंडाळून निजवलं. सकाळपर्यंत उतरलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं आणि भुट्टा माझ्यापुरता बंद झाला.

आणि मग वीस वर्षं काहीच झालं नाही. तेव्हा मला यात विशेष काही वाटलं नव्हतं. आज वाटतं, कारण आजीचं स्वयंपाकघर आठवतं. दादरची भाकरी, कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा, उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे. (दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं.) गोड म्हणजे पुरणपोळी नाहीतर शेवया. आजीला ऍलर्जी हा शब्द माहीत नव्हता, पण तिच्या घरात मला धोकाच नव्हता. का नव्हता, हे शोधता शोधता मी मक्याच्या इतिहासात शिरले.

आधी शब्दाचं बघू. 'ऍलर्जी' हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडवला. रक्तातला जो घटक हा सगळा गोंधळ घालतो, तो आयजीई, सापडायला १९६६-६७ साल उजाडलं. इशिझाका हे जपानी दांपत्य अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिच स्वीडनमध्ये, असे दोघे गट एकाच सुमारास तिथे पोचले. म्हणजे मला पहिल्यांदा पित्त उठलं तेव्हा ही माहिती जेमतेम वीस वर्षांची होती. आजीच्या आमसुलाला हसण्यात अर्थ नाही. आणि मक्यातलं नेमकं कोणतं प्रथिन त्रास देतं, हे इटलीतल्या एलिडे पास्तोरेल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं. इटलीत पोलेंटा नावाचा मक्याच्या पिठाचा घाटा रोजच्या जेवणातला, त्यामुळे तिथे असे रुग्ण सापडले. हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. भाजा, उकडा, काहीही करा.

आता मका. मेक्सिकोत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या गवतापासून तिथल्या लोकांनी तो घडवला. कोलंबसच्या माणसांना तो १४९२ मध्ये क्यूबात भेटला आणि त्यानंतर जहाजांतून जगभर गेला. आपल्याकडे कधी आला यावर मात्र एक गमतीशीर वाद आहे. कर्नाटकात सोमनाथपूरचं तेराव्या शतकातलं केशव मंदिर आहे. तिथल्या मूर्तींच्या हातात कणसासारखं काहीतरी दिसतं. १९८९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी लिहिलं की हा मकाच, म्हणजे कोलंबसच्या आधीच तो भारतात होता. त्यावर पायक आणि सचान या आपल्या मका-शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये उत्तर दिलं की ते मोत्यांनी जडवलेलं काल्पनिक 'मुक्ताफळ' आहे, मका नव्हे. मी त्या मूर्ती पाहिल्या आहेत. खरं सांगते, कणीसच वाटतं! पण मी पायकांच्या बाजूने आहे. मक्याला माझ्या देवळात आणखी दोनशे वर्षं जास्त का द्यायची?

गंमत बाजूला ठेवू. त्याच अमेरिकेतून मिरचीही आली आणि शेंगदाणाही. त्या दोघांशिवाय खानदेशी शेवभाजीची कल्पना करून बघा. त्यामुळे 'परका' म्हणून मक्यावर राग धरता येत नाही. ज्वारीसुद्धा मुळात आफ्रिकेची, फक्त काही हजार वर्षं आधी आलेली. आणि सातपुड्यात पावरा, भिल्ल लोकांच्या घरी मक्याची भाकरी हे रोजचं अन्न आहे. इकडे तापीकाठच्या आमच्या काळ्या जमिनीत मात्र आजीच्या काळी मका असायचा तो बांधालगत, पावसाळ्यात पोरांना कणसं खायला म्हणून. तो दिसायचा. कणीस म्हणून, भाकरी म्हणून. जे दिसतं ते टाळता येतं.

माझी गोष्ट बिघडली ती मका दिसेनासा झाला तिथून.

त्याची सुरुवातही जुनी आहे. नेपोलियनच्या लढायांत युरोपला उसाची साखर मिळेना, तेव्हा १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या किर्शहॉफने स्टार्च आम्लात उकळून त्यातून साखर काढून दाखवली. १८४२ च्या सुमारास थॉमस किंग्जफर्डने अमेरिकेत मक्यातून स्टार्च वेगळं काढलं, तेही कपड्यांच्या खळीसाठी. आजची पद्धत साधारण अशी. मका गंधकाच्या वायूचा अंश असलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवायचा, दळायचा, कोंब काढून त्याचं तेल करायचं, साल जनावरांना, प्रथिन कोंबड्यांना आणि उरलेली पांढरीशुभ्र पूड माणसांना. त्या पुडीला चव नाही, वास नाही, रंग नाही. म्हणून ती कशातही जाते. प्रथिन बहुतेक निघून जातं, पण अगदी शून्य होत नाही. पुष्कळ रुग्णांना स्टार्च चालतं. मला चालत नाही.

हे कळलं ते नात्यातल्या एका लग्नात, तिशीत. फ्रूट सॅलडची एक वाटी खाल्ली. फळं, दूध, साखर आणि कस्टर्ड पावडर. अर्ध्या तासात श्वास लागला. दवाखान्यात इंजेक्शन दिलं म्हणून वाचले. आठ दिवसांच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि त्या गोळ्या घेतल्या की पुन्हा गांधी. मी गोळ्या वाढवल्या, गांधी वाढल्या. वेष्टनावर बारीक अक्षरांत काय काय आहे ते पुढे मुंबईला तपासण्या झाल्यावर वाचायला शिकले. गोळीला आकार यावा म्हणून आणि पोटात ती सुटावी म्हणून त्यात स्टार्च घालतात. बहुधा मक्याचंच. ऍलर्जीच्या गोळीत ऍलर्जी! मुंबईच्या डॉक्टरांनी ज्वारीचीही चाचणी घेतली, कारण ती मक्याची जवळची चुलत बहीण. निकाल येईपर्यंतचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. ज्वारी सुटली असती तर मी कोण उरले असते कोण जाणे. सुदैवाने ज्वारी चालते.

कस्टर्ड पावडरचा इतिहास वाचला तेव्हा मात्र हसू आवरेना. ती १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने शोधली. का? त्याच्या बायकोला अंडी चालत नसत, आणि कस्टर्ड आवडायचं. तिला यीस्टही चालत नसे, म्हणून पुढे त्याने बेकिंग पावडर केली. एका ऍलर्जीवाल्या बाईसाठी नवऱ्याने प्रेमाने केलेल्या दोन वस्तू. आज कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं स्टार्च, आणि बेकिंग पावडरीतही ती कोरडी राहावी म्हणून बहुधा तेच. म्हणजे दोन्ही माझ्या यादीत. बर्डबाईंचा आणि माझा पदार्थ एक होऊच शकत नाही.

पण मक्याची दुसरी बाजूही घरातच आहे. बहात्तरच्या दुष्काळाची आठवण आई सांगते. मिलोच्या लाल भाकरी, दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी. अमेरिकेने १९६६ पासून मक्याचं पीठ, सोयाबीन आणि दूध पावडर एकत्र करून मदतीचं पीठ पाठवायला सुरुवात केली होती. आपल्या देशातल्या कित्येक शाळांत, बालवाड्यांत ते शिजलं. मक्याने माझा घसा बंद केला, पण त्याच मक्याने त्या वर्षांत किती मुलांची पोटं भरली हे विसरून कसं चालेल?

आपल्या सरकारने १९५७ मध्ये मक्याच्या सुधारणेसाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला. अशा प्रकारचा देशातला तो पहिलाच. १९६१ मध्ये गंगा, रणजित, डेक्कन असे पहिले संकरित वाण आले. खानदेशात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना उभा राहिला. कोंबड्यांचं खाद्य मक्याचं, त्यामुळे व्यापारी बांधावर येऊ लागले. आणि काकांनी, इतर सगळ्यांसारखंच, ज्वारी कमी करत करत आजीच्या नदीकाठच्या वावरातही मका लावला.

काकांचा हिशोब सोपा आहे. ज्वारीवर पाखरं तुटून पडतात, राखायला माणूस नाही. कापणीला, खुडणीला मजूर नाही. मक्याचं कणीस पानांत झाकलेलं, पाखरू फारसं शिवत नाही. मशीन येतं, एका दिवसात पोती भरतात, पैसे हातात. चुलतभावाची इंजिनिअरिंगची फी मक्यावर झाली. मी आजारी पडले तेव्हा मुंबईच्या तपासण्यांना काकांनी जे पैसे दिले, तेही मक्याचेच असणार. मी कधी विचारलं नाही.

लोक विचारतात, पाकिटावर लिहिलेलं नसतं का? अमेरिकेने २००४ मध्ये ऍलर्जीच्या आठ पदार्थांची नावं ठळक लिहायचा कायदा केला, त्यात मका नाही. आपल्याकडे २०२० च्या लेबलांच्या नियमांत गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन अशी यादी आहे, त्यातही मका नाही. आमच्यासारखे लोक थोडे, म्हणून आम्ही यादीत नाही. हे मला समजतं. पण पाकिटावर नुसतं 'खाद्य स्टार्च' लिहिलेलं चालतं. ते मक्याचं की बटाट्याचं की साबुदाण्याच्या कंदाचं, हे सांगायचं बंधन नाही. दुकानात पाकीट हातात घेऊन उभी असते तेव्हा मला एकच शब्द हवा असतो, आणि तो नेमका नसतो. मग पाकीट परत ठेवते आणि ज्वारी घेऊन घरी येते.

ती ज्वारी आता महाग झाली आहे. चांगली दादर बाजारात शोधावी लागते. शहरातल्या लोकांनाही ज्वारीचं महत्त्व कळलं आहे म्हणे :-)

तर त्या दिवशी संध्याकाळी मशीन बंद झालं. वहिनींनी अंगणात पाणी मारलं आणि मी घरात गेले. माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर भाकऱ्या झाल्या. जेवताना काका म्हणाले, "यंदा रब्बीला नदीकाठच्या वावरात दादर टाकू का? तुला वर्षाची होईल. तू सांग, माय."

वहिनी वाढता वाढता थांबल्या. चुलतभावाने ताटातून मान वर केली नाही. धाकटीचं बारावीचं वर्ष आहे, पुढे नर्सिंगला जायचं म्हणते. त्या वावरातून मक्याचे किती येतात, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "काका, मकाच लावा. दादर मी विकत घेईन."

काका काही बोलले नाहीत. निघताना मात्र डिकीत एक छोटं पोतं ठेवलं. गेल्या वर्षीची दादर, कोणाकडून तरी मागून आणलेली. आत कडुलिंबाचा पाला घातलेला होता, आजी घालायची तसाच. घरी येऊन ती निवडायला घेतली. परातीत दोनच दाणे मक्याचे निघाले. ते मी चमच्याने उचलले आणि बाहेर चिमण्यांना टाकले.