संस्कार की नागरी करार? : अमेरिकेतील समलिंगी विवाहाचा वाद आणि धार्मिक परंपरावादी

प्रास्ताविक

अमेरिकेत १९९३ ते २०१५ या काळात समलिंगी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेवरून जो वाद झाला, त्याचे वर्णन बहुधा ‘धर्म विरुद्ध आधुनिकता’ असे केले जाते. हे वर्णन सोयीचे असले तरी अपुरे आहे. या वादाच्या मुळाशी एक जुना प्रश्न होता. विवाह हा ईश्वरप्रणीत संस्कार मानावयाचा की राज्यसंस्थेने नोंदवावयाचा नागरी करार? ख्रिस्ती परंपरेतील निरनिराळ्या पंथांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली होती. प्रस्तुत लेखात या पार्श्वभूमीवर धार्मिक परंपरावाद्यांच्या भूमिकेचा आणि तीत होत गेलेल्या बदलाचा मागोवा घेण्यात आला आहे.

पूर्वपीठिका

रोमन कॅथलिक चर्च विवाहाची गणना सात संस्कारांमध्ये करते. मार्टिन ल्यूथरने मात्र विवाह ही ऐहिक बाब मानून तिचे नियमन राज्यकर्त्यांकडे सोपविले. न्यू इंग्लंडमधील वसाहतकारांची धारणाही याला जवळची होती. प्लिमथ वसाहतीतील पहिला विवाह १६२१ मध्ये धर्मोपदेशकाने नव्हे, तर नागरी अधिकाऱ्याने लावला. मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मोपदेशकांना विवाह लावण्याचा कायदेशीर अधिकार १६९२ मध्ये मिळाला. पुढे राज्याचा परवाना आणि चर्चमधील विधी यांची सांगड इतकी घट्ट बसली की, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा समाजाला जवळजवळ विसर पडला. वस्तुतः कॅथलिक चर्च घटस्फोट अमान्य करीत असताना राज्यांचे कायदे तो देत होते. कॅलिफोर्नियाने तर १९६९ च्या कायद्याने जोडीदाराचा दोष सिद्ध न करताही घटस्फोटाची सोय केली. नागरी विवाह धार्मिक व्याख्येपासून अशा रीतीने आधीच दूर गेला होता.

बहुमताची भाषा

मे १९९३ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा परवाना नाकारणे हा सकृद्दर्शनी लिंगाधारित भेदभाव ठरतो, असे मत व्यक्त केले. या निर्णयाने विवाहास मान्यता मिळाली नाही. प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेले. तरीही त्याचे पडसाद देशभर उमटले. इव्हँजेलिकल संघटना, कॅथलिक धर्माध्यक्ष आणि मॉर्मन चर्च हे एरवी परस्परांविषयी साशंक असणारे गट या प्रश्नावर एकत्र आले. सप्टेंबर १९९६ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ‘डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट’वर स्वाक्षरी केली. केंद्रीय कायद्यांपुरता विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे मीलन, अशी व्याख्या त्यात होती. प्रतिनिधिगृहात हा कायदा ३४२ विरुद्ध ६७, तर सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४ मतांनी संमत झाला. गॅलपच्या त्या वर्षीच्या पाहणीत समलिंगी विवाहाला केवळ २७ टक्के लोकांचा पाठिंबा होता.

नोव्हेंबर २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला. त्या राज्यात नागरी विवाह ही वसाहतपूर्व काळापासून पूर्णतः ऐहिक संस्था आहे, याची आठवण न्यायालयाने निकालपत्रात करून दिली. प्युरिटनांनी घातलेला पाया अशा प्रकारे त्यांनी कधी कल्पिलेही नसेल अशा कामी आला. त्यांच्या काँग्रिगेशनल परंपरेचा वारसा सांगणाऱ्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने २००५ मध्ये विवाहसमतेला पाठिंबा दिला, ही बाबही नोंद घेण्याजोगी आहे. परंपरावाद्यांनी मात्र जनमताचा आधार घेतला. २ नोव्हेंबर २००४ रोजी ११ राज्यांत बंदीच्या घटनादुरुस्त्या मतदानास आल्या आणि सर्व संमत झाल्या. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातही सुमारे ५२ टक्के मतांनी असाच प्रस्ताव संमत झाला.

या व्याख्येची किंमत प्रत्यक्ष आयुष्यात मोजावी लागत होती. केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००४ मधील गणनेनुसार १,१३८ केंद्रीय तरतुदींमध्ये वैवाहिक स्थिती हा घटक होता. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांना पत्नीच्या निधनानंतर ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला. पती निवर्तला असता, तर तो लागला नसता. त्यांच्याच खटल्यात जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कायद्यातील ही व्याख्या रद्दबातल ठरविली.

स्वातंत्र्याची भाषा

दरम्यान जनमत पालटत होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मेन, मेरिलँड व वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला. बहुमताचा आधार सुटू लागताच परंपरावाद्यांच्या युक्तिवादाचे केंद्र सरकले. समाजाच्या नैतिकतेच्या रक्षणाऐवजी धर्मस्वातंत्र्याच्या रक्षणावर भर येऊ लागला. २००९ च्या मॅनहॅटन जाहीरनाम्यात विवाह आणि धर्मस्वातंत्र्य हे विषय आधीच शेजारी मांडले गेले होते. ही भीती केवळ कल्पित होती असे म्हणता येत नाही. एप्रिल २०१५ मधील सुनावणीत धार्मिक शिक्षणसंस्थांच्या करसवलतीवर परिणाम होईल काय, असे विचारले गेले, तेव्हा हा प्रश्न उद्भवेल, हे सरकारी वकिलांनी मान्य केले. २६ जून २०१५ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा हक्क देशभर लागू केला. त्याच वेळी धार्मिक गटांना आपल्या शिकवणीचा पुरस्कार करता येईल, असेही निकालपत्रात स्पष्ट केले.

यानंतर परंपरावाद्यांत फूट पडली. डिसेंबर २०२२ च्या ‘रिस्पेक्ट फॉर मॅरेज ॲक्ट’ने १९९६ चा कायदा रद्द केला, मात्र धार्मिक ना-नफा संस्थांवर विवाहविधीसाठी सेवा देण्याची सक्ती केली नाही. आपली शिकवण कायम ठेवूनही मॉर्मन चर्चने या कायद्यास पाठिंबा दिला. कॅथलिक धर्माध्यक्षांनी विरोध केला. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने तर जून २०२५ मध्ये २०१५ चा निकाल फिरवावा, अशी मागणी करणारा ठराव केला.

निष्कर्ष

बहुमत हाती असताना परंपरावाद्यांनी नागरी कायद्याने धर्माची व्याख्या स्वीकारावी, असा आग्रह धरला. बहुमत सरल्यावर नागरी कायद्याने धर्माच्या अंगणात येऊ नये, ही त्यांची मागणी झाली. दुसरी मागणी ज्या भेदावर उभी आहे, तो संस्कार व नागरी करार यांतील भेदच पहिल्या मागणीने नाकारला होता. हा भेद त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या परंपरेत चार शतकांपूर्वीपासून उपलब्ध होता. तो वेळीच स्वीकारला गेला असता, तर धर्मसंस्थांना संरक्षण आणि जोडप्यांना हक्क या दोन्ही गोष्टी कदाचित कमी कटुतेने साध्य झाल्या असत्या. राज्याचा परवाना आणि धर्माचा विधी यांची गाठ जेथे जेथे घट्ट बसलेली आहे, तेथे या इतिहासाचे प्रयोजन संपलेले नाही.