सारे काही वीस मिलिसेकंदांत!

मोबाइलवर उच्चारलेला शब्द पलीकडे पोहोचण्यापूर्वी ० आणि १ या अंकांत, म्हणजेच बिटांत रूपांतरित होतो. या कामासाठी फोनमध्ये अंकीय संकेत प्रक्रियक, अर्थात डीएसपी ही विशेष चिप वापरली जाते. गुणाकार आणि बेरीज अतिशय वेगाने करणे हे तिचे वैशिष्ट्य. मात्र एकेक बिट सुटा हाताळण्याची वेळ आली, की हाच वेग वाया जाऊ शकतो.

याचे कारण चिपच्या रचनेत आहे. डीएसपी साधारणतः १६ किंवा ३२ बिटांचा पूर्ण गट एका वेळी हाताळतो. त्यातील एकच बिट हवा असेल, तर गट उचलणे, तो सरकवणे आणि नको असलेले बिट झाकणे, अशी अनेक पावले टाकावी लागतात.

जीएसएम दूरध्वनीचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या मूळ पद्धतीत २० मिलिसेकंदांचा आवाज २६० बिटांत सामावतो. प्रवासात होणाऱ्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून त्यांपैकी महत्त्वाच्या १८२ बिटांना ७ जादा बिट जोडून त्या १८९ बिटांचे ३७८ केले जातात. उरलेले ७८ तसेच ठेवून एकूण ४५६ बिट पाठवले जातात. पुढचा तुकडा येण्याआधी हे सारे आटोपणे भाग असते.

या सांकेतीकरणाचा नियम सोपा आहे. प्रत्येक बिटाची त्याच्या तीन आणि चार स्थाने आधीच्या बिटांशी 'एक्स-ऑर' क्रिया करायची. दोन बिट भिन्न असल्यास या क्रियेचे उत्तर १, समान असल्यास ० येते. हे काम बिटागणिक करण्याऐवजी ३२ बिटांच्या संपूर्ण गटाच्या तीन आणि चार स्थाने सरकवलेल्या प्रती घेऊन त्यांची मूळ गटाशी एक्स-ऑर केली, तर ३२ उत्तरे एकदमच मिळतात. आधीच्या गटातील शेवटचे चार बिट सोबत आणायला मात्र विसरून चालत नाही. अन्यथा सुरुवातीची उत्तरे चुकतात. एक स्थान सरकवलेली प्रतही त्यात मिळवली, की दुसरी मालिका तयार होते.

आता या दोन मालिकांतील बिट आलटून पालटून गुंफायचे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या 'टीएमएस३२०सी६४एक्स' या डीएसपीत त्यासाठी 'शफल' ही स्वतंत्र आज्ञाच आहे. वरचे १६ आणि खालचे १६ बिट ती एका फटक्यात गुंफते. बिटांचा क्रम उलटा करणे किंवा १ या अंकांची संख्या मोजणे, यासाठीही त्यात आज्ञा आहेत.

अशी सोय नसलेल्या चिपवर २५६ तयार उत्तरांचा तक्ता उपयोगी पडतो; मात्र तो स्मृतीतील जागा व्यापतो. वेग आणि स्मृती यांचा मेळ घालणे हे अभियंत्याचेच काम. काम लवकर उरकले, तर प्रक्रियकाला उसंत मिळते आणि बॅटरीही वाचते.